बारा व्होल्टचे बारा वाजू नयेत म्हणून

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याला गाडी चालवता येत नाही तो नव्हे. ज्याच्या दारात चारचाकी आहे, तिचे हप्ते फिटलेत, तिला मापाचं कव्हर शिवलंय, आणि जो भाजी आणायला स्कूटर काढतो, तो नवशिका. रोज गाडीने कामावर जाणाऱ्यांनी पुढे वाचायची गरज नाही. बॅटरी बॉनेटखाली असते की डिकीत, हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही तरी चालतं.

आधी एक छोटी चाचणी. गाडीची किल्ली आत्ता कुठे आहे? ‘खिशात’ असं उत्तर असेल तर तुम्ही चुकीच्या वर्गात बसलात. ‘खुंटीवर’ असेल तर ठीक. ‘देवघराच्या खणात, फुलवातींच्या डब्याशेजारी’ असेल तर या, आपण एकाच तालमीतले.

माझी पात्रताही सांगून टाकतो. नऊ वर्षांत माझी गाडी अकरा हजार किलोमीटर चालली आणि तेवढ्यात तिने तीन बॅटऱ्या खाल्ल्या. साडेतीन हजार किलोमीटरला एक बॅटरी. इतक्या अंतरात लोकांचे वायपरसुद्धा झिजत नाहीत.

गाडी न चालवण्याविषयी थोडंसं

हे वाटतं तितकं सोपं नाही, त्यासाठी कारण लागतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सोळा बिऱ्हाडं, गाड्यांना जागा अकरा, आणि जो आधी येईल त्याची जागा. माझी जागा जिन्याशेजारी, खांबाच्या आड, दिवसभर सावलीत. ती मला मिळाली कारण एकदा मुंबईहून परतायला रात्रीचे अडीच वाजले आणि नेमकं त्याच दिवशी एक बिऱ्हाड गाडीसकट नाशिकला गेलं होतं. असा योग पुन्हा येत नसतो. तेव्हापासून लग्नाला जायचं तर रिक्षा, नाटकाला जायचं तर रिक्षा, आणि पाऊस असेल तर नाटकच नाही.

“मग गाडी घेतली कशाला?” असं बायको विचारते. माझं उत्तर ठरलेलं असतं: अडीअडचणीला. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर दारात गाडी हवी. आता यातली ग्यानबाची मेख अशी, की अडीअडचणीला म्हणून उभी केलेली गाडी सुरू न होण्यासाठी नेमकी अडीअडचणीचीच वेळ निवडते.

माझ्यावर ती वेळ दसऱ्याला आली. गाडी धुतली, पुसली. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, आपट्याची पानं. चार चाकांखाली चार लिंबं. बायको ओवाळून बाजूला झाली, मी गणपतीचं नाव घेऊन किल्ली फिरवली. ‘टक.’ पुन्हा फिरवली. ‘टकटकटकटक.’ डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा मोठे झाले, एकदा बारीक झाले आणि विझले. लिंबं संध्याकाळी उचलली तेव्हा चारही अखंड होती. पूजेची म्हणून सरबतालाही वापरू दिली नाहीत.

उभी गाडी जेवते कशाला

नवशिक्याचा पहिला गैरसमज असा, की बंद गाडीला खर्च नसतो. किल्ली काढली, दार लावलं, हिशेब मिटला. प्रत्यक्षात गाडी झोपते ती एक डोळा उघडा ठेवून. घड्याळ चालू असतं. तुम्ही कुठूनतरी रिमोटचं बटण दाबाल म्हणून ती रात्रंदिवस कान देऊन बसलेली असते. चोरघंटा जागी असते. आतल्या संगणकाला आपली आठवण टिकवायची असते. या सगळ्यांचं मिळून तीसेक मिलिअँपिअर होतं. कागदावर ही खिजगणतीतली रक्कम नाही.

पण गुणाकार करून बघा. छोट्या पेट्रोल गाडीच्या बॅटरीवर ३५ अँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. ढोबळमानाने, एक अँपिअर घेत राहिलात तर पस्तीस तास. तीस मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. महिन्याला साडेएकवीस. म्हणजे कुणीही हात न लावता, एक मीटरही न हलता, महिन्याभरात साठ टक्क्यांहून जास्त बॅटरी गेली. शिवाय बॅटरी स्वतःच्या पोटातही थोडी थोडी उतरत असते, आणि उन्हाळ्यात जास्तच. मेहुण्याने हौसेने बसवून दिलेला, गाडी बंद असतानाही राखण करणारा कॅमेरा असेल तर महिनाही थांबावं लागत नाही. डिकी नीट लागली नाही आणि आतला पाच वॅटचा दिवा जळत राहिला, तर भरलेली बॅटरीसुद्धा चौथ्या दिवशी मान टाकते.

आता याच्यासमोर दुसरा आकडा ठेवा. गाडी सुरू करताना स्टार्टर दीडशेच्या आसपास अँपिअर ओढतो. ऐकायला भयंकर, पण दोनच सेकंद. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एका अँपिअर-तासाचा जेमतेम बारावा हिस्सा. एवढीच वीज गाडी नुसती उभी राहून पावणेतीन तासांत खाते. ज्या कामासाठी बॅटरी घेतली ते काम स्वस्तात होतं. बसून खाणाऱ्यांचा खर्च मोठा. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली की काय होतं, तेही सांगतो. आत शिशाच्या पट्ट्या असतात आणि पातळ केलेलं गंधकाम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट तयार होतं, चार्जिंगला लावली की ते विरघळून परत आपल्या जागी जातं. पण ते तसंच आठवडेन्‌आठवडे राहिलं, तर मुरांब्याच्या बरणीत साखर धरते तसे त्याचे टणक खडे होतात. मग चार्जर लावा, नवस बोला, खडे हलत नाहीत. मेकॅनिक वाकून बघतो आणि म्हणतो, “साहेब, सेल गेलाय.” १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी ही बॅटरी पहिल्यांदा बनवली तेव्हापासून हा खोडा तिच्या रसायनातच आहे.

मोटारीला बॅटरीचा हात धरून सुरू व्हायची सवय मात्र पुढे लागली. १९१२ सालच्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर बसला. त्याआधी पुढून हँडल घालून गरगरा फिरवायचं. आपल्याकडे अँबॅसडर आणि फियाटलाही हँडलचं भोक होतं, आणि हँडल उलटं बसून मनगट दुखावलेला एकतरी काका प्रत्येक घराण्यात होता. हँडल गेलं, काका गेले. ‘सेल्फ मारणे’ तेवढं मराठीत राहिलं.

रविवारची आरती

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा यावर उपाय आहे. रविवारी सकाळी आठ वाजता ते खाली येतात, कव्हर अर्धं वर सारतात, आत बसतात, सेल्फ मारतात. गाडी घुरघुरू लागते. मग एसी, मग रेडिओवरची जुनी गाणी, मग ‘दिवेही बघून घेऊ’ म्हणून हेडलाइट. दहा मिनिटं पेपर वाचतात, गाडी बंद करतात, कव्हर खाली ओढतात. प्रसाद वाटायचा तेवढा बाकी राहतो.

काकांची बॅटरी माझ्या बॅटरीच्या पाठोपाठ दीड महिन्यात गेली. कारण हिशेबात आहे. आठवड्याभरात उभ्या गाडीने पाच अँपिअर-तास खाल्ले. इंजिन जागच्या जागी मंद चालत असताना आल्टरनेटर कमी वीज देतो, त्यातली एसीचा पंखा, रेडिओ आणि हेडलाइट मटकावतात, आणि बॅटरीच्या पदरात चिल्लर पडते. वर पेट्रोल गेलं ते वेगळंच. (तुमचं पार्किंग बंदिस्त तळघरात असेल तर हा प्रकार अजिबात करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला कळायच्या आत मारतो. हे मी गमतीत सांगत नाही.)

बॅटरीला रस्ता लागतो. आठवड्यातून एकदा, ते जमत नसेल तर दहा दिवसांतून, सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, इंजिनाला जरा पळवत. आमच्याकडून चांदणी चौक ओलांडून पिरंगुटच्या बाजूला जाऊन परत आलं की बरोबर बसतं. रविवारी सकाळी सहाला निघावं, रस्ते मोकळे असतात.

आणि जागा? ती मी विसरलेलो नाही. गाडी बाहेर काढताक्षणी त्या जागेवर आपली स्कूटर आडवी लावायची. स्कूटर नसेल तर बादली, मोडकी खुर्ची, कुंडी. कुंडीत तुळस असेल तर कुणी हलवत नाही. वॉचमन मामांना चहाचं सांगून ठेवलं की आणखी बरं. मी हे सगळं एकदा केलं. परत आलो तेव्हा स्कूटर सरळ करून भिंतीला लावलेली होती आणि माझ्या जागी एका बिऱ्हाडाचे पाहुणे होते. ते कोल्हापूरहून चार दिवसांसाठी आले होते. या पद्धतीवर माझा शास्त्रीय विश्वास आहे, पण आचरण सुटलं.

मीटर विकत घेणे

यावाचून नवशिक्याची मुंज होत नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. चक्री वीस व्होल्ट डीसीवर आणायची, लाल सुई अधिक खुणेवर, काळी वजा खुणेवर. गाडी रात्रभर बंद राहिलेली असली पाहिजे. नुकत्याच चालून आलेल्या गाडीची बॅटरी फुशारकी मारते.

मी पहिल्यांदा मीटर लावला तेव्हा ‘१२.०’ असं दिसलं. बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्ट! मी वर येऊन पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ‘टक’. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेला सेल २.१ व्होल्टचा असतो, म्हणून तब्येत ठणठणीत असेल तर मीटर १२.६ दाखवतो. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि माझे बारा म्हणजे जेमतेम चतकोर. सगळा संसार एका व्होल्टच्या आतला. १२.४च्या खाली आकडा दिसला की चार्जिंगचं बघावं. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर दोष बॅटरीचा नाही, आल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. तेवढ्यासाठी नवी बॅटरी घेऊ नका. मी घेतली होती.

बॉनेट उघडलंच आहे तर टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी धरली आहे का तेही बघा. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करायचं, वर व्हॅसलिनचा हात फिरवायचा. सोडा बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. आणि झाकणं उघडून पाणी घालायची जुनी बॅटरी असेल तर त्यात बॅटरीचंच, म्हणजे डिस्टिल पाणी घाला. खडकवासल्याचं पाणी कितीही गोड असलं तरी ते माणसांसाठी.

चार्जर आणि लोकशाही

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे भरल्यावर आपोआप हात आखडता घेणारा छोटा चार्जर. तो एकदा जोडून दिला की बॅटरीला थेंब थेंब पाजत राहतो आणि तिला ना उपाशी ठेवतो ना अजीर्ण करतो. परदेशात बर्फाच्या गावात लोक हिवाळाभर तो जोडून ठेवतात. त्याला लागते फक्त एक प्लगची जागा.

पार्किंगमधला प्लग सोसायटीच्या मीटरवर. मी रीतसर अर्ज दिला. चार्जरला ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज लागते, असं आकडेमोडीसह लिहिलं. सभेत चर्चा पाऊण तास चालली. “आज चार्जर, उद्या कुणी इस्त्री आणून लावेल,” हा मुद्दा सर्वांना पटला. मग मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली. पहिल्या मजल्यावर तिच्यावर दोन टॉवेल आणि एक परकर वाळत घातला गेला. पहिल्या पावसात, सर्वांच्या जिवाच्या काळजीने, मीच ती गुंडाळली.

डॅशबोर्डवर ठेवायचं सौर पॅनेलही मिळतं. माझी जागा दिवसभर सावलीत असते, हे वर अभिमानाने सांगितलंच आहे.

दहाचा पाना

राहिला गरिबाचा उपाय. दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस गाडी निघणार नसेल तर बॅटरीचं वजा टर्मिनल काढून ठेवायचं. बसून खाणारे सगळे एका झटक्यात उपाशी. पोटातली उतरण चालूच राहते, पण ती सावकाश.

बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. किल्ली काढा. हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. आधी वजा, म्हणजे काळं. का? गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. तुम्ही आधी लाल सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर दोन्ही टोकं पान्यातून भेटतात आणि दिवाळी होते. आधी काळं सुटलं की पाना कुठेही टेकू दे. लावताना उलट, काळं सर्वांत शेवटी. सुटलेल्या टोकावर जुना मोजा चढवून बाजूला बांधून ठेवा. पुढे जोडल्यावर घड्याळ चुकलेलं असेल, रेडिओवरची स्टेशनं पुसलेली असतील, ते सोसावं.

पाना नंतर कुठे ठेवायचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. यापुढे लिहिलेलं असावं.

आणि तरीही ‘टक’ झालं तर

मार्च २०२०मध्ये २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली तेव्हा रोज गाडी चालवणारेही नवशिक्यांच्या रांगेत आले. जूनमध्ये आमच्या अकरापैकी सात गाड्यांनी नुसतं ‘टक’ केलं. सोसायटीला जंपर केबल लावणं पाठ झालं ते तेव्हा.

दोन्ही गाड्या बंद. लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, त्याच वायरचं दुसरं टोक जिवंत बॅटरीच्या अधिकला. काळा जिवंत बॅटरीच्या वजाला, आणि शेवटचा काळा मेलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून. मग मदतनीस गाडी चालू करा, पाचेक मिनिटं थांबा, आपल्या गाडीचा सेल्फ मारा. सुरू झाली की उलट्या क्रमाने चिमटे काढा. एवढंच आहे. पण हे करताना भोवती सात माणसं उभी असतात आणि त्यांपैकी पाच जणांचा शेवटच्या चिमट्याबद्दल वेगळा अनुभव असतो. त्यांच्याकडे न बघता चिमटा लावता येणं, यालाच कौशल्य म्हणतात.

गाडी सुरू झाली की टाळ्या होतात. अशा वेळी ‘चला, कपडे बदलून येतो’ म्हणून ती बंद करू नका.

धक्का मारणं हा देशी मार्ग. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीला याचा उपयोग नाही. ढकलणारे मात्र दमेपर्यंत हे कबूल करत नाहीत.

गेल्या दसऱ्याला माझी तयारी चोख होती. श्रावणात वजा टर्मिनल काढून, मोजा बांधून ठेवला होता. सकाळी सोवळं नेसून खाली आलो. हार, स्वस्तिक, चार लिंबं. रिमोट दाबला तर दार उघडेना. मी हसलो, कारण मला कारण ठाऊक होतं. रिमोटच्या पोटातली साधी किल्ली काढून दार उघडलं, आतला खटका ओढून बॉनेट उघडलं आणि पान्यासाठी हात पुढे केला.

पाना डिकीत होता. डिकी विजेच्या बटणावर उघडते. वीज पान्यावर अवलंबून होती.

बायको ताम्हन घेऊन उभी, काका जंपर केबल घेऊन उभे, वॉचमन मामा नुसतेच उभे. मी मागचं दार उघडलं, सीटची पाठ पाडली आणि पीतांबर सावरत डोक्याने डिकीत शिरलो. आत अंधार होता, आणि हाताला आधी स्टेपनी लागली, मग छत्री, मग मागच्या दसऱ्याचा वाळका हार, आणि सर्वांत खाली पाना. बाहेरून काका विचारत होते, “केबल लावू का?”

टर्मिनल जोडलं, किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला लागली. लिंबं चारही फुटली, एका पाठोपाठ एक, आणि त्यातल्या एकाची पिचकारी थेट काकांच्या सदऱ्यावर गेली. “मुहूर्त गाठला का हो?” बायकोने खिडकीतून वाकून विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं. ते नुकतंच जागं झालं होतं आणि त्यात बारा वाजले होते.